सांतियागोची पदयात्रा : रात्रीच्या मुक्कामांचे नियोजन

प्रभू येशूच्या बारा प्रेषितांपैकी थोरला याकोब, म्हणजेच संत जेम्स, यांची कबर स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कोम्पोस्तेला या नगरातील कॅथेड्रलमध्ये आहे, अशी ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा आहे. मध्ययुगापासून युरोपच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू या कबरीच्या दर्शनासाठी पायी येत आले आहेत. २०२४ या वर्षात सुमारे ४ लाख ९९ हजार यात्रेकरूंना तेथील यात्रेकरू कार्यालयाने यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र दिले. संत जेम्सचा सण २५ जुलै रोजी असतो. तो रविवारी आला की ते वर्ष सांतियागोचे पवित्र वर्ष मानले जाते. असे पुढचे वर्ष २०२७ हे आहे. वसई परिसरात संत जेम्स हे नाव परके नाही. आगाशीचे चर्च याच प्रेषिताला समर्पित आहे. त्यामुळे आपल्याकडील काही भाविकांच्या मनात या यात्रेचा विचार येत असेल, तर ते स्वाभाविकच आहे.

पंढरीच्या वारीत मुक्काम आणि विसावे परंपरेने ठरलेले असतात. पालखी जिथे थांबते तिथे वारकरी थांबतो. सांतियागोच्या वाटेवर तसे नाही. तेथे प्रत्येक यात्रेकरूला आपला मुक्काम स्वतःच ठरवावा लागतो. अनेकांची यात्रा मध्येच खुंटते ती श्रद्धा कमी पडल्यामुळे नव्हे, तर पहिल्या आठवड्यातील मुक्काम चुकीचे ठरवल्यामुळे. म्हणून या विषयाची व्यवस्थित माहिती येथे देत आहोत.

मार्ग आणि त्याचे टप्पे

सांतियागोला जाणाऱ्या अनेक वाटा आहेत. त्यांतील सर्वाधिक परिचित वाट 'फ्रेंच मार्ग' या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील सें-झाँ-पिये-द-पोर या गावापासून पिरेनीज पर्वत ओलांडून ती पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन आणि आस्तोर्गा या नगरांतून सांतियागोला पोहोचते. एकूण अंतर सुमारे ७८० किलोमीटर आहे. १९९३ साली स्पेनमधील या मार्गाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

बाराव्या शतकातील 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखिताच्या पाचव्या भागात यात्रेकरूंसाठी मार्गदर्शन असून त्यात हा मार्ग अवघ्या १३ टप्प्यांत विभागला आहे. त्यांतील काही टप्पे घोड्यावरून जाणाऱ्यांसाठीच योग्य होते. आजच्या मार्गदर्शक पुस्तकांत साधारणपणे ३० ते ३५ टप्पे दिलेले असतात. परंतु पुस्तकातला टप्पा म्हणजे आज्ञा नव्हे. वाटेवर ठिकठिकाणी लहान गावे असून त्यांतील बहुतेक ठिकाणी निवारा मिळतो. सर्वजण पुस्तकातल्या त्याच गावी थांबल्यास तेथे गर्दी होते आणि अलीकडच्या किंवा पलीकडच्या गावात खाटा रिकाम्या राहतात. टप्प्याच्या आधी किंवा नंतर एक गाव मुक्काम करणे, हा गर्दी टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

दिवसांचा हिशेब

प्रथम दररोज किती चालायचे हे ठरवावे. ताशी चार किलोमीटर हा खांद्यावर पिशवी असताना टिकणारा वेग आहे. दिवसाला सरासरी २३ किलोमीटर धरल्यास ७८० किलोमीटरला ३४ दिवस लागतात. त्यात बुर्गोस आणि लेओनसारख्या नगरांतील विश्रांतीचे तीन दिवस आणि आजारपण अथवा पायांच्या फोडांसाठी राखीव दोन दिवस मिळवावेत. म्हणजे ३९ दिवस होतात. प्रवासाचे दिवस वेगळे. व्हिसा मागताना हे राखीव दिवस धरूनच तारखा द्याव्यात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, पण प्रत्यक्ष परवानगी मागितलेल्या दिवसांपुरतीही असू शकते. परतीच्या विमानाची तारीख अगदी कट्टाकट्टी ठेवल्यास शेवटच्या आठवड्यात यात्रा प्रार्थनेची न राहता धावपळीची होते.

व्हिसासाठी निवासाचा पुरावा आणि किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. पुढे सांगितल्याप्रमाणे अनेक यात्री-निवास आगाऊ नोंदणी घेत नाहीत. त्यामुळे जेथे नोंदणी होते अशा खाजगी निवासांत, शक्यतो रद्द करता येईल अशा अटीवर, जागा राखून ठेवावी आणि टप्प्यांचा दिनक्रम अर्जासोबत जोडावा.

निवासाचे प्रकार

यात्रेकरूंच्या निवासाला तेथे 'आल्बेर्गे' म्हणतात. त्यात प्रवेश मिळण्यासाठी 'क्रेदेन्सियाल' म्हणजे यात्रेकरूचे ओळखपत्र जवळ असावे लागते. प्रत्येक मुक्कामी त्यावर शिक्का मारून घेतात. आल्बेर्गे मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

१. नगरपालिका अथवा प्रांतीय शासनाचे : दर कमी. यांपैकी बहुतेकांत आगाऊ नोंदणी नसते. जो आधी येईल त्याला खाट मिळते. दुपारी एक-दोनच्या सुमारास दार उघडते. सायकलस्वारांपेक्षा पायी येणाऱ्यांना प्राधान्य असते. पिशवी वाहून नेणाऱ्या गाडीने पुढे पाठवलेले सामान अनेक ठिकाणी स्वीकारत नाहीत.

२. धर्मग्राम आणि धर्मसंघांचे : येथे धर्मगुरू, धर्मभगिनी अथवा स्वयंसेवक यात्रेकरूंचे स्वागत करतात. कार्रियोन दे लोस कोंदेस येथे ऑगस्टिनियन सिस्टर्स आणि लेओन येथे बेनेडिक्टाईन सिस्टर्स यांच्याकडील निवास प्रसिद्ध आहेत. ग्रान्योन गावात चर्चच्याच इमारतीत जमिनीवर गाद्या घालून यात्रेकरूंना झोपायला जागा देतात. सायंकाळी सर्वजण एकत्र जेवतात व प्रार्थना करतात. यांतील काही निवास 'दोनातिवो' म्हणजे ऐच्छिक देणगीवर चालतात. देणगी ऐच्छिक असली तरी निवास फुकट नाही. आजच्या पेटीतील पैशांतून उद्याच्या यात्रेकरूचे जेवण शिजते, हे आपण ध्यानात ठेवावे.

३. खाजगी : दर काहीसे अधिक, परंतु नोंदणी करता येते. वयस्कर व्यक्ती, उशिरा पोहोचणारे व गटाने जाणारे यांना हे सोयीचे ठरतात.

सार्वजनिक व धर्मग्रामाच्या निवासांत सामान्यतः एकच रात्र राहता येते. रात्री दहाला दिवे मालवतात आणि सकाळी आठच्या आत बाहेर पडावे लागते. म्हणून विश्रांतीच्या दिवसासाठी लॉज अथवा खाजगी निवास आधीच पाहून ठेवावा.

कठीण जागी मुक्काम

पहिला दिवस सर्वांत अवघड आहे. सें-झाँ-पिये-द-पोरपासून रोन्सेस्वायेसपर्यंत सुमारे २५ किलोमीटर अंतर असून वाट समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरहून अधिक उंचीवर चढते. उत्साहाच्या भरात अनेकजण हा टप्पा एका दिवसात पार करतात आणि गुडघे दुखावून घेतात. वाटेवर आठ किलोमीटरवर ओरिसोन येथे निवारा आहे. तेथे जागा मर्यादित असल्याने नोंदणी आवश्यक असते. पहिल्या दिवशी आठ व दुसऱ्या दिवशी सतरा किलोमीटर अशी विभागणी केल्यास शरीराला सवय होते. हा डोंगरमार्ग १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात बंद असतो. तेव्हा वाल्कार्लोसच्या खालच्या वाटेने जावे लागते. रोन्सेस्वायेस येथे सायंकाळच्या मिस्सानंतर यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो. दिवसाचा टप्पा असा ठेवावा की या मिस्साला वेळेवर पोहोचता येईल.

बुर्गोस ते लेओन या पठारावर सावली फारच थोडी. कार्रियोन सोडल्यावर काल्सादिया दे ला क्वेसापर्यंत १७ किलोमीटर एकही गाव लागत नाही. म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम कार्रियोन येथेच करावा, पाणी व खाणे सोबत घ्यावे आणि उन्हाळ्यात पहाटेच निघावे.

विय्याफ्रांका ते ओ सेब्रेइरो हा सुमारे २८ किलोमीटरचा टप्पा असून शेवटचे आठ किलोमीटर सलग चढाचे आहेत. चढाच्या पायथ्याशी लास एर्रेरियास येथे थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी चढणे हिताचे. ओ सेब्रेइरोच्या चर्चमध्ये मध्ययुगीन पवित्र साक्रामेंताच्या चमत्काराशी निगडित चषक जतन केलेला आहे. वादळातून मिस्साला आलेल्या एका गरीब शेतकऱ्याच्या श्रद्धेची आणि मिस्सा अर्पण करणाऱ्या अल्पविश्वासी धर्मगुरूची ती कथा आहे. याच गावचे धर्मगुरू एलिआस वालिन्या (१९२९-१९८९) यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटेवर पिवळे बाण रंगवून या यात्रेचे पुनरुज्जीवन केले. आज प्रत्येक यात्रेकरू त्याच खुणांच्या आधारे चालतो.

ज्यांना थोडेच दिवस आहेत

सर्वांनाच ३९ दिवसांची रजा मिळणे शक्य नाही. प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किलोमीटर चालणे पुरेसे असते. त्यामुळे अनेकजण सार्रिया येथून निघतात. तेथून अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे. पुस्तकांतील पाच दिवसांचा क्रम असा : पोर्तोमारीन (२२ कि.मी.), पालास दे रेई (२५), आर्सुआ (२९), ओ पेद्रोउसो (१९) आणि सांतियागो (२०). धर्मग्रामाच्या गटात ज्येष्ठ मंडळी असल्यास आम्ही सात दिवसांचा क्रम सुचवू : पोर्तोमारीन (२२), वेंतास दे नारोन (१३), पालास दे रेई (१२), मेलिदे (१५), आर्सुआ (१४), ओ पेद्रोउसो (१९) आणि सांतियागो (२०). या शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये ओळखपत्रावर दररोज किमान दोन शिक्के घ्यावे लागतात. एक मुक्कामी आणि एक वाटेतील चर्चमध्ये, असा नेम ठेवल्यास शिक्क्याच्या निमित्ताने परमेश्वरासमोर क्षणभर बसणेही होते.

सार्रियापासून पुढे गर्दी फार असते. जुलै, ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये, तसेच पवित्र वर्षात, या टप्प्यावरील मुक्काम आधीच राखून ठेवावेत.

रविवार आणि दुपार

स्पेनमध्ये दुपारी दोन ते पाच या वेळेत लहान गावांतील दुकाने बंद असतात आणि रविवारी तर बहुधा दिवसभर. शनिवारीच खाण्याचे सामान घ्यावे. रविवारचा मुक्काम ठरवताना त्या गावी मिस्सा आहे काय, याची चौकशी करावी. लहान गावांत एका धर्मगुरूकडे अनेक चर्चेस असल्याने दररोज मिस्सा होईलच असे नाही. शनिवारची सायंकाळ किंवा रविवार मोठ्या गावी येईल अशी टप्प्यांची मांडणी केल्यास ही अडचण राहत नाही.

शेवटच्या दिवशी ओ पेद्रोउसोहून पहाटे निघाल्यास कॅथेड्रलमधील दुपारी बाराच्या यात्रेकरूंच्या मिस्साला पोहोचता येते. मात्र पाठीवरची पिशवी आत नेऊ देत नाहीत. ती आधी मुक्कामी ठेवावी लागते. धावत पोहोचण्यापेक्षा सांतियागोत दोन रात्री राखून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी शांत मनाने मिस्सात सहभागी होणे अधिक चांगले.

खाटेची चिंता आणि विश्वास

खाट मिळेल की नाही या काळजीने काही यात्रेकरू अंधारातच उठून धावत सुटतात, वाटेतल्या चर्चकडे पाहत नाहीत, सोबत्याची विचारपूस करत नाहीत. दुपारी बाराला ते रांगेत पहिले असतात. पण चालण्याचा हेतू मागे राहिलेला असतो. याउलट, परमेश्वर पाहून घेईल असे म्हणून काहीच चौकशी न करणे हीदेखील श्रद्धा नव्हे. विशेषतः आपल्या भरवशावर वृद्ध आईवडील किंवा गट असेल तेव्हा तर नाहीच.

यासाठी मध्यम मार्ग असा : पहिल्या दोन-तीन रात्री, मोठ्या नगरांतील विश्रांतीच्या रात्री आणि सार्रियापुढील रात्री राखून ठेवाव्यात. मधल्या काळात प्रत्येक दिवसासाठी दोन गावे मनात ठेवावीत, एक अलीकडचे आणि एक पलीकडचे. आणि त्या दिवशी पाय काय सांगतात त्यावरून निर्णय घ्यावा. राखून ठेवलेल्या जागी पोहोचता येणार नसेल, तर फोन करून ती मोकळी करावी. आपण न वापरलेली खाट म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी उघड्यावरची रात्र असू शकते.

प्रभू येशूच्या जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा नव्हती, हे आपण दर नाताळात ऐकतो. अनोळखी गावात संध्याकाळी दार ठोठावणाऱ्या यात्रेकरूला त्या वचनाचा अर्थ नव्याने कळतो, आणि दार उघडणाऱ्यालाही. यात्रेहून परतल्यावर आपल्या धर्मग्रामातून माऊंट मेरीला किंवा वेलंकनीला पायी निघालेल्या यात्रेकरूंसाठी आपण एक खोली, एक तांब्या पाणी मोकळे करू शकलो, तर सांतियागोची वाट खऱ्या अर्थाने आपल्या अंगणापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.