नाणेघाटातला रांजण आणि पोढी

नाणेघाटाच्या माथ्यावर, जुन्नरच्या अंगाला, एक मोठा दगडी रांजण आहे. ‘जकातीची नाणी यात टाकीत’, असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. प्रस्तुत लेखकानेही ही गोष्ट अनेक वर्षे मोठ्या ऐटीत पाहुण्यांना ऐकवली आहे. कोकणातली कल्याण-सोपारा ही बंदरे आणि घाटमाथ्यावरचे जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनकालीन वाट. तेव्हा जकात असणे स्वाभाविकच. परंतु रांजणावर एक अक्षरही नाही. जवळच्या गुहेत राणी नागनिकेचा दीर्घ ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञ आहेत, दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणे आहेत. भगवानलाल इंद्रजींनी १९व्या शतकात याच लेखातल्या आकड्यांवरून प्राचीन अंकलेखनाचा माग काढला. जकातीचा त्यात उल्लेख नाही. राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळेही तिथे होते. आज वरची नावे आणि खाली जेमतेम पायांच्या खुणा उरल्या आहेत.

लेखी पुरावा आहे तो पाण्याचा. घाटातच कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या १३व्या राज्यवर्षी टाके खोदवले. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. सोपाऱ्याच्या गोविंददासाचीही पोढी इथेच. बंदरातल्या माणसाने घाटमाथ्यावर पाणी का द्यावे, हे वैशाखऱ्याहून उन्हात एकदा चढून आले की कळते. त्यासाठी ग्रंथालयात बसावे लागत नाही.

खाली जुन्नरभोवतीच्या डोंगरांत हा शब्द पुनःपुन्हा भेटतो. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिले आणि सोबत पोढी. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नहपानाचा अमात्य अयम यानेही शके ४६ च्या लेखात मंडपाबरोबर पोढीच नोंदवली आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याच्या नोंदीही आहेत, म्हणजे त्यांची पत केवढी असेल! जुन्नरला येणारा बहुतेक माणूस शिवनेरी पाहतो, लेण्याद्रीच्या गणपतीला जातो आणि परततो. त्यात गैर काही नाही. पण ज्यांच्या पैशांवर हे डोंगर कोरले गेले ते व्यापारी, कारागीर, परदेशी माणसे त्या फेरीत कुठेच भेटत नाहीत, याची रुखरुख वाटते.

मागच्या भाद्रपदात नाणेघाटात गेलो तेव्हा रांजणाची गोष्ट मुद्दाम टाळली आणि वाटाड्याला लेख असलेली टाकी दाखवायला सांगितले.

“ती व्हय? त्यातलंच पाणी पितो की आम्ही,” तो म्हणाला. मग लगबगीने रांजणाकडे वळला. मुंबईची एक बस नुकतीच येऊन थांबली होती.