फ्रोझन शोल्डर
खांद्याच्या सांध्याभोवतीचे संपुट सुजून जाड व आखूड झाल्याने होणारा विकार. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले. तो बहुधा ४० ते ६० या वयात, स्त्रियांना अधिक होतो. नेमके कारण अनेकदा सापडत नाही. मधुमेह व अवटू ग्रंथीचे विकार असणाऱ्यांना धोका जास्त. अस्थिभंगानंतर हात फार दिवस झोळीत राहिला तरीही खांदा आखडतो. आधी झोपमोड करणारी वेदना, मग ताठरपणा. वेणी घालणेही कठीण. दुसऱ्याने उचलूनही हात पुरता वर जात नाही, ही खरी खूण. क्ष-किरण चित्र मात्र बहुधा निर्दोष असते. वेदनाशामके, सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन व नियमित व्यायाम हे उपचार. जोरजबरदस्तीच्या मालिशने दुखणे वाढते. बरे होण्यास साधारण १ ते ३ वर्षे लागतात.