नांगर, हँडल आणि ऑटो स्विच

यंत्रात सोयी वाढल्या की ते वापरायला अवघड होते, असे आपण हातातल्या मोबाईलकडे पाहून म्हणतो. कुंडलच्या शिवारात हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. लोखंडाने जमीन विषारी होते, हा शेतकऱ्यांचा आक्षेप आपण हसत सांगतो. मला मात्र त्यामागे दुसरा एक हिशेबही दिसतो. लाकडी नांगर गावातच घडे आणि मोडला तर सुतार-लोहार बलुत्यावर दुरुस्त करत. बिडाचा ओतीव भाग लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकता येत नाही, तो तडकतो. म्हणजे तुकडा उडाला की नवा सुटा भाग आणायचा, तोही रोख पैसे मोजून. नांगर धरणे फारसे बदलले नाही, पण तो सांभाळणे गावाबाहेर गेले. अवघडपणा मोजायचा तर इथे मोजावा, असे माझे मत आहे.

1910 मध्ये औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना उभा राहिला. (स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.) कुंडलकरांना सुट्या भागांचे दार पायी जाण्याइतके जवळ आले. इतर गावांचे नशीब एवढे नव्हते.

नंतर विहिरींवर ऑईल इंजिने आली. डिकॉम्प्रेशनची कळ उचलायची, हँडल मारायचे, चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. दंडात ताकद हवी, पण चूक झाली तर ती तिथल्या तिथे कळे. विजेच्या मोटारीने हे सगळे हिरव्या आणि लाल बटणावर आणले. वापर याहून सोपा होणे कठीण!

मग ऑटो स्विच आला. शेतीची वीज पाळीने, कधी रात्री येते. साप-विंचवाच्या अंधारात बांधावरून जायला कोणाला आवडेल? वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. पण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. हाताने बटण दाबणारे शेतकरी मागेपुढे येत, त्यामुळे हा भार विभागला जाई. स्विचांना ती सवड नाही. एका डीपीवरच्या मोटारी एकाच क्षणी उठतात. म्हणून ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते.

2005 साली थॉम्पसन, हॅमिल्टन आणि रस्ट या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवले की माणूस विकत घेताना जास्त सोयींची वस्तू निवडतो आणि वापरल्यावर साध्या वस्तूकडे झुकतो. ऑटो स्विचला हे लागू पडत नाही. तो वापरणाऱ्याला सोपाच वाटतो. त्याची अडचण शेजाऱ्याच्या वाट्याला जाते. सोय एकट्याची आणि डीपी सगळ्यांची, अशी ही विभागणी आहे. एकट्याने स्विच काढला तर रात्री उठावे लागते त्यालाच, आणि बाकीच्यांनी ठेवला तर डीपी जळायची ती जळतेच. नवी येईपर्यंत ऊस कसाबसा तग धरतो. भाजीपाला धरत नाही.