लखोट्यातले मत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्यासमोर मी याच वास्तूत बाकावर बसलेलो आहे. व्याकरणाइतकाच त्यांचा आग्रह पत्रलेखनाविषयी असे. तो काळ १९६० नंतरचा. बेळगाव कोणत्या राज्यात, हा प्रश्न घरोघर धुमसत होता आणि वहीत पत्ता लिहिताना काही मुले गावाच्या नावाखाली 'महाराष्ट्र' लिहीत, काही 'म्हैसूर राज्य'. गुरुजींची स्वतःची मते ठाम होती, परंतु वह्या तपासताना ते एवढेच म्हणत, "गल्ली आणि घर नीट लिहा. पत्र पोचते ते त्यावर." आमच्या गल्लीतला पोस्टमनही दोन्ही प्रकारची पत्रे त्याच पिशवीतून आणून देई. लहानपणी यात मला काही विशेष वाटले नव्हते. ते विशेष आहे, हे कळण्यास २०२० साल उजाडावे लागले.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात माझ्या पुतणीचा अमेरिकेतून दूरध्वनी आला. ती पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते आणि तिकडची नागरिक आहे. करोनाच्या साथीमुळे तिने टपालाने मतपत्रिका मागविली होती. तिने विचारले, "काका, भरलेली मतपत्रिका पोस्टात टाकू, की स्वतः नेऊन देऊ? पोस्टावर विसंबावे की नाही, यावरच इथे भांडण पेटले आहे." मराठी शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी पुस्तके काढून बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेची टपालव्यवस्था तिच्या राज्यघटनेहूनही जुनी आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याआधी जवळजवळ एक वर्ष, जुलै १७७५ मध्ये, वसाहतींच्या काँग्रेसने बेंजामिन फ्रँक्लिन यांना पहिले पोस्टमास्टर जनरल नेमले. १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्रे अत्यल्प दरात देशभर पोचविण्याची सोय केली आणि टपाल कर्मचाऱ्याने दुसऱ्याचे पत्र उघडणे हा गुन्हा ठरविला. नागरिकाला बातमी मिळावी आणि त्याचे खाजगी मत खाजगी राहावे, या दोन्ही गोष्टी त्या राष्ट्राने टपालावर सोपविल्या.

तथापि टपाल राजकारणापासून अलिप्त होते, असे मात्र मुळीच नाही. १८२९ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी पोस्टमास्टर जनरलला मंत्रिमंडळात स्थान दिले आणि गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या जागा पक्षनिष्ठेचे बक्षीस म्हणून वाटल्या जाऊ लागल्या. जुलै १८३५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे गुलामगिरीविरोधी पत्रकांचे गठ्ठे टपालाने आले. जमावाने रात्री टपालकचेरी फोडून ते पळविले आणि त्यांची होळी केली. तेव्हाचे पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडल यांनी अशी पत्रके अडविणाऱ्या पोस्टमास्तरांना पाठीशीच घातले. कायद्याहून स्थानिक समाजाप्रती असलेले कर्तव्य मोठे, असा त्यांचा युक्तिवाद होता. लखोट्यात काय आहे हे पाहून तो पोचवावयाचा की नाही हे ठरू लागले, की टपाल हे टपाल उरत नाही, याचा तो पहिला मोठा धडा होय.

मत लखोट्यातून जाण्याचा प्रश्न यादवी युद्धात ऐरणीवर आला. लक्षावधी मतदार घरापासून दूर छावण्यांत होते. १८६४ च्या निवडणुकीपर्यंत उत्तरेकडील २५ राज्यांपैकी १९ राज्यांनी सैनिकांना रणभूमीवरून मत देण्याची मुभा दिली. कोठे छावणीतच मतपेटी ठेवली गेली, तर न्यूयॉर्कसारख्या राज्यात सैनिकाने मत पाकिटात बंद करून गावाकडील विश्वासू माणसाकडे धाडावे, अशी तजवीज झाली. लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाचा या सोयीस पाठिंबा होता आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा बव्हंशी विरोध. कारण सैनिकांचा कल कोणीकडे, हे दोघांनाही ठाऊक होते. इंडियाना राज्याने ही सोय दिलीच नाही, तेव्हा सैनिकांना मतासाठी घरी सोडता येईल का, असे लिंकन यांना सेनापती शर्मन यांस पत्र लिहून विचारावे लागले. गैरप्रकारही घडले. सैनिकांच्या नावे खोट्या मतपत्रिका तयार केल्याच्या आरोपावरून न्यूयॉर्क राज्याच्या काही प्रतिनिधींना बाल्टिमोर येथे अटक झाली आणि लष्करी न्यायासनापुढे त्यांतील काही दोषी ठरले. म्हणजे आज आपण ऐकतो ते दोन्ही युक्तिवाद, 'मतदाराला वंचित ठेवू नका' हा आणि 'यात लबाडीला वाव आहे' हा, १८६४ मध्येच उभे होते, आणि दोहोंतही तथ्य होते.

ऐंशी वर्षांनी बाजू उलटल्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना एकच संघीय मतपत्रिका द्यावी, अशी डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्ट यांची इच्छा होती. तिला कडवा विरोध झाला तो त्यांच्याच पक्षाच्या दक्षिणेतील सदस्यांकडून. मतदानासाठी कर भरण्याची अट आणि तत्सम युक्त्यांनी कृष्णवर्णीयांना मतापासून दूर ठेवणाऱ्या राज्यांना, गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिक युरोपातून टपालाने मत देईल, ही कल्पना सोसवेना. रिपब्लिकन सदस्यांपैकी अनेकांनी, सैनिक अध्यक्षांना मते देतील या भीतीने, त्यांना साथ दिली. शेवटी १९४४ चा कायदा एवढा दुबळा झाला की रूझवेल्ट यांनी त्यावर सहीच केली नाही. तो सहीवाचून अमलात आला.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा टपालखात्याच्या पुनर्रचनेचा. मार्च १९७० मध्ये तुटपुंज्या वेतनाला कंटाळून न्यूयॉर्कच्या पत्रवाहकांनी संप पुकारला. तो देशभर पसरला आणि अध्यक्ष निक्सन यांनी पत्रांची छाननी करण्यास सैनिक पाठविले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने खाते मंत्रिमंडळाबाहेर काढण्यात आले. नऊ नियामकांच्या मंडळाने पोस्टमास्टर जनरल निवडावा आणि सेवेने आपल्या खर्चाची तोंडमिळवणी स्वतः करावी, असे ठरले. राजकारण दूर ठेवण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु २००१ नंतर पत्रे घटत गेली आणि २००६ च्या कायद्याने भावी निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी दरवर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूस काढण्याचे ओझे सेवेवर घातले. तोटा फुगत गेला. टपालसेवेत बदलांची निकड होती, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

याच काळात टपाली मतदान शांतपणे पसरत होते. ऑरेगॉन राज्याने १९९८ मध्ये जनमत घेऊन संपूर्ण मतदान टपालाने करण्याचे ठरविले. त्यामागून वॉशिंग्टन, कोलोरॅडो आणि युटा ही राज्ये गेली. युटा हे तर रिपब्लिकन पक्षाचे बळकट राज्य. माझ्या पुतणीच्या पेनसिल्व्हेनियात कारण न देता टपालाने मत देण्याचा कायदा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. तो रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने संमत केला आणि डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी त्यावर सही केली. एक वर्षाच्या आत त्याच कायद्यावरून दोन्ही पक्ष न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले.

जून २०२० मध्ये लुई डिजॉय पोस्टमास्टर जनरल झाले. ते मालवाहतुकीच्या व्यवसायातले आणि रिपब्लिकन पक्षाचे मोठे देणगीदार. त्यांना निवडणाऱ्या मंडळाचे त्या वेळचे सर्व नियामक अध्यक्ष ट्रम्प यांनी नेमलेले होते. जुलैत नवी शिस्त आली. गाडीने ठरल्या वेळी सुटावे, मागे राहिलेल्या पत्रांसाठी थांबू नये, जादा फेऱ्या करू नयेत. छाननीची शेकडो यंत्रे काढली जात होती, रस्त्यांवरील निळ्या टपालपेट्या उचलल्या जात होत्या. पत्रे रखडू लागली. यंत्रे आणि पेट्या कमी करण्याचे काम आपल्या आधीपासून चालू होते, असे डिजॉय यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. परंतु १३ ऑगस्टला खुद्द अध्यक्षांनी एका मुलाखतीत सांगितले की, टपालसेवेला मागितलेला निधी मिळाला नाही तर सार्वत्रिक टपाली मतदान होऊ शकणार नाही. काटकसर म्हणून जे समजून घेता आले असते, ते या एका विधानाने कारस्थान वाटू लागले. त्याच सुमारास, तुमच्या मुदती आमच्या वेळापत्रकात बसत नाहीत, अशी पत्रे टपालसेवेने ४६ राज्यांना धाडल्याचे उघड झाले. इशारा वस्तुतः योग्य होता. पण त्या वातावरणात तो धमकीसारखा वाचला गेला.

१८ ऑगस्टला डिजॉय यांनी निवडणूक होईपर्यंत बदल थांबविले. १७ सप्टेंबरला वॉशिंग्टन राज्यातील एका संघीय न्यायाधीशांनी या बदलांना मनाई करताना, त्यांमागे राजकीय हेतू दिसतो, असा स्पष्ट शेरा मारला. त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरा निर्णय दिला. गुप्ततेसाठी दिलेल्या आतल्या पाकिटात न घातलेली मतपत्रिका बाद होईल, असा तो निर्णय. म्हणजे एकाच दिवशी एका न्यायालयाने टपालसेवेला कर्तव्याची जाणीव दिली आणि दुसऱ्याने मतदाराला.

पुढे काय झाले? जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये सुमारे २१ टक्के मतदारांनी टपालाने मत दिले होते. २०२० मध्ये ४३ टक्क्यांनी दिले. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवसापूर्वी लखोटे उघडण्यास कायद्याची परवानगी नव्हती, म्हणून मोजणी दिवसेंदिवस चालली, आघाडी पालटत गेली आणि संशयाला खाद्य मिळाले. तेथे बायडेन सुमारे ८० हजार मतांनी विजयी झाले. जॉर्जियात सर्व मते हाताने पुन्हा मोजली गेली. निकाल बदलला नाही. निकाल पालटेल एवढा गैरप्रकार आढळला नाही, असे ट्रम्प यांच्याच महान्यायवादींनी डिसेंबरात सांगितले. आणि टपालसेवेच्या अहवालानुसार मतदारांनी पाठविलेल्या मतपत्रिकांपैकी ९९.८९ टक्के सात दिवसांच्या आत निवडणूक अधिकाऱ्यांच्या हाती पडल्या. ज्यांच्यावरून एवढे रण माजले, त्या कर्मचाऱ्यांनी साथीच्या दिवसांत मुकाट्याने हे काम केले.

वाद मात्र मिटलेला नाही. २००६ चे आर्थिक ओझे २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून दूर केले, हे खरे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी टपाली मतदान संपविण्याची मोहीम जाहीर केली. डिसेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नियमाने टपालसेवेने स्पष्ट केले की, शिक्क्यावरील तारीख ही पत्र तिच्या ताब्यात आल्याचीच तारीख असेल असे नाही. जेथे शिक्क्याच्या तारखेवर मताची वैधता ठरते, तेथे ही बाब किती मोलाची, हे सांगावयास नको.

आपल्याकडेही या वादाचे पडसाद उमटले. २०१९ मध्ये ८० वर्षांवरील मतदारांना टपाली मतपत्रिकेची सोय मिळाली. जून २०२० मध्ये ही मर्यादा ६५ वर आणण्यात येताच विरोधी पक्षांनी हरकत घेतली, आणि बिहारच्या निवडणुकीत ती लागू न करण्याचे आयोगाने जुलैत जाहीर केले. २०२४ मध्ये मर्यादा ८५ करण्यात आली. आम्हा अध्यापकांना निवडणुकीच्या कामामुळे टपाली मतपत्रिका परिचयाची: घोषणापत्रावर साक्षांकन, आतले पाकीट, बाहेरचे पाकीट. एका वर्षी माझी मतपत्रिका माझ्या हाती आली ती मतमोजणी होऊन गेल्यावर. दोष कोणाचा, हे मी शोधले नाही. पण ते न उघडलेले पाकीट हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो, हे आठवते. एका मताने काय बिघडते, असे मला त्या दिवशी कोणी म्हटले असते तर ते मला रुचले नसते.

या इतिहासातून मला दिसते ते असे. टपाली मतदानाचा कैवार किंवा त्याला विरोध ही कोणत्याही पक्षाची कायमची भूमिका नाही. लाभ कोणीकडे, तिकडे तत्त्वे वळत आली आहेत. म्हणून कोण बोलतो यापेक्षा व्यवस्था कशी आहे, हे पाहावे. प्रत्येक लखोट्याचा हिशेब लागतो काय? गुप्तता पाळली जाते काय? आणि नियम निवडणुकीच्या बऱ्याच आधी, सर्वांसमक्ष ठरतात काय? २०२० मधील मुख्य दोष बदल करण्यात नव्हता. मतदार हातात लखोटा घेऊन उभा असताना, ज्यांचा त्या निकालात स्वार्थ होता त्यांच्या छायेखाली तो बदल झाला, यात होता.

पुतणीला मी तेव्हा एवढेच कळविले, "आतले पाकीट विसरू नकोस, सही कर आणि शक्य तितक्या लवकर पाठव." तिने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते पोस्टातच टाकले आणि चार दिवसांनी मतपत्रिका पोचल्याची नोंद तिला पाहावयास मिळाली. ते ऐकून मला गुरुजींच्या वर्गातील त्या दोन वह्या आठवल्या, आणि दोन्ही पत्ते एकाच पिशवीतून वाहणारा आमच्या गल्लीतला पोस्टमन आठवला. त्याचे स्वतःचे मत काय होते, हे आम्हांला कधीच कळले नाही. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.