चेन गावची ताई ची



ताई ची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या ताईची? हसायला हरकत नाही, पण नाव चिनी आहे. पूर्ण नाव ताइजीच्युआन. ऊन आणि सावली, कठीण आणि मऊ, भरलेलं आणि रिकामं या सगळ्या जोड्या ज्या मुळातून निघाल्या, त्याला चिनी लोक ‘ताइजी’ म्हणतात. आणि ‘च्युआन’ म्हणजे मूठ. चीनमधल्या बागांत म्हातारी माणसं सकाळी पाण्यात चालल्यासारखी हळूहळू हात-पाय हलवताना तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. तो मुळात लढण्याचा हुन्नर आहे.

तो सुरू कुणी केला? चीनमध्ये गोष्ट सांगतात ती चांग सानफेंग नावाच्या साधूची. डोंगरावर त्याने पक्षी आणि साप भांडताना पाहिले. पक्षी चोच मारायचा, साप वळसा घेऊन चुकवायचा. ते पाहून त्याला ही विद्या सुचली म्हणे. गोष्ट गोड आहे, पण पुरावा सापडत नाही. तांग हाओ नावाच्या अभ्यासकाने १९३०च्या सुमारास जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा माग निघाला तो हेनान प्रांतातल्या एका शेतकरी गावाचा. गावाचं नाव चेनजियागोउ. अर्थ अगदी आपल्या गावांच्या नावांसारखा, चेन घराण्याची घळ. तिथला चेन वांगतिंग लढाईतला माणूस होता. १६४४ साली मिंग राजवट कोसळली. त्यानंतर तो गावात राहून शेती करायचा आणि पोरांना हात शिकवायचा. ताई चीचा धरता येण्यासारखा धागा इथपासून सुरू होतो.

पुढची दीडेकशे वर्षं ही विद्या त्या घराण्यातच राहिली. मग यांग लुचान नावाचा परगावचा गरीब तरुण तिथे आला. तो भिंतीच्या फटीतून चोरून बघून शिकला, असं लोक रंगवून सांगतात. ते खरं असो नसो, चेन छांगशिंग या गुरूने त्याला शिकवलं हे सगळेच मानतात. पुढे यांग बीजिंगला गेला आणि बड्या सरदारांच्या घरी शिकवू लागला. त्याचा नातू यांग छंगफू याने उड्या आणि झटके काढून टाकले, सगळं एका लयीत आणि संथ केलं. आज जगभर दिसते ती बहुतेक त्याचीच रीत.

आता या गोष्टीत बायका कुठे आहेत? बराच काळ कुठेच नव्हत्या. चीनमधल्या अशा अनेक घराण्यांचा नियम होता, विद्या मुलाला द्यायची, मुलीला नाही. कारण काय, तर मुलगी लग्न होऊन जाणार आणि घरची विद्या दुसऱ्याच्या घरी नेणार. ओळखीचं वाटतं ना? आणि शिकवायचं ठरवलं असतं तरी मुलींचे पाय कुठे मोकळे होते? पाच-सहा वर्षांच्या पोरीची बोटं तळव्याखाली दुमडून पाऊल करकचून बांधायचे. हाडं मोडायची, पाऊल कायमचं लहान राहायचं. लहान पाऊल म्हणजे चांगलं स्थळ. १९१२ साली नव्या प्रजासत्ताक सरकारने या चालीवर बंदी घातली, तरी खेड्यांत ती आणखी काही वर्षं चाललीच. ताई चीत एका पायावर सगळा भार पेलावा लागतो. बांधलेल्या पावलावर तो कसा पेलणार?

म्हणून मला सुन घराण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. सुन लुतांग हा नावाजलेला मल्ल. दुसऱ्या दोन विद्यांत तो आधीच तरबेज होता. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने बीजिंगमध्ये एका आजारी वृद्ध गुरूची सेवा केली. त्या गुरूने बरं झाल्यावर त्याला ताई ची दिली. सुनने आपली वेगळी रीत बसवली. यात फार खाली वाकायचं नाही, उंच उभं राहायचं. एक पाऊल पुढे पडलं की मागचं लगेच त्याच्यामागे येतं. १९२१ साली त्याने यावर पुस्तक छापलं. आणि ही विद्या त्याने मुलीलाही दिली. सुन जियानयुन तिचं नाव. वडील १९३३ साली गेले. त्यानंतर सत्तर वर्षं, म्हणजे २००३ साली तिचा अंत होईपर्यंत, ही रीत तिने सांभाळली आणि शिकवली.

सरकारही यात उतरलं. १९५६ साली क्रीडा खात्याने लांबलचक प्रकार छाटून चोवीस हालचालींचा एक सोपा संच केला. पाच-सात मिनिटांत होतो, कुणालाही शिकता येतो. नंतर १९६६पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या विद्यांवर संक्रांत आली, गुरूंचे हाल झाले. चेन गावात चेन झाओपी नावाचा म्हातारा गुरू १९५८ सालीच परतून पोरांना तयार करत होता, म्हणून तिथला धागा तुटला नाही.

आता तब्येतीचं. सुन रीतीत गुडघा फार वाकत नाही. म्हणून १९९७ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर पॉल लॅम यांनी संधिवाताच्या लोकांसाठी तिच्यावरून एक संच बसवला. कोरियात तो गुडघेदुखीच्या वयस्कर बायकांवर बारा आठवडे करून पाहिला. दुखणं कमी झालं, तोल सुधारला. मात्र ७२ जणी सुरू झाल्या आणि शेवटपर्यंत ४३च टिकल्या, हेही सांगायला हवं. गुडघा दुखत असताना रोज उठून व्यायाम करणं सोपं नसतं. २०१६ साली अमेरिकेत २०४ गुडघेदुखीच्या रुग्णांवर पाहिलं, तर ताई ची आणि फिजिओथेरपी यांचा गुण जवळजवळ सारखाच आला.

याहून मोठी गोष्ट आहे पडण्याची. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. मोरीत पाय घसरला, खुबा मोडला आणि चालतीफिरती आजी अंथरुणाला खिळली, असं एक तरी घर प्रत्येक गावात असतं. १९९६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात सत्तरीपुढच्या २०० जणांचा अभ्यास झाला. काहींना पंधरा आठवडे ताई ची शिकवली. त्यांचा पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने उतरला.

हे होतं कसं? चालताना आपण पाऊल टाकतो आणि भार आपोआप त्याच्यावर पडतो. ताई चीत आधी सगळा भार एका पायावर घ्यायचा, तो ‘भरलेला’. दुसरा ‘रिकामा’ पाय उचलून टाच हळूच टेकवायची. जमीन पक्की आहे असं तळव्याला कळलं की मगच भार सरकवायचा. पावसाळ्यात डोक्यावर भारा घेऊन निसरड्या बांधावरून जाताना तुम्ही हेच करता. इथे ते रोज, मोकळ्या डोक्याने करायचं. मांड्या आणि घोटे बळकट होतात, पाऊल सावध होतं.

ताई चीने मधुमेह जातो, कर्करोग जातो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही, दुखेल इतकं वाकायचं नाही. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सुरुवातीला शेजारी भिंत किंवा जड खुर्ची असू द्यावी.

आपला योग २०१६ साली युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादीत गेला. त्यानंतर चार वर्षांनी, डिसेंबर २०२०मध्ये, ताइजीच्युआनही त्याच यादीत आलं. चेन गावात आज देशोदेशीचे लोक शिकायला येतात, आणि त्यांत मुली असतात.