लिबव्हर्ट-गेस्ट्स

लिनक्स होस्ट बंद किंवा रीस्टार्ट होताना त्यावर चालू असलेल्या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) रीतसर बंद करणारी सेवा. ती लिबव्हर्ट या व्हीएम-व्यवस्थापन प्रणालीचा भाग असून तिचा वापर मुख्यतः केव्हीएम या हायपरव्हायजरवरील व्हीएमसाठी होतो. केव्हीएम २००७ साली २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये आले.

होस्टच्या लेखी प्रत्येक व्हीएम ही क्यूईएमयू या एम्युलेटरची एक प्रोसेस असते. ती मारली, की आतल्या सिस्टिमची गत ऐन कामात वीज गेल्यासारखी होते. मेमरीतला, डिस्कवर न उतरलेला डेटा जातो. जर्नल असलेली फाइलसिस्टिम बहुधा सावरते. पण डेटाबेसला पुन्हा सुरू होताना अर्धवट व्यवहार निस्तरावे लागतात.

सेवेचे वर्तन 'ऑन_शटडाउन' या सेटिंगवर ठरते. लिबव्हर्टच्या मूळ आवृत्तीत ते 'सस्पेंड' असते, म्हणजे व्हीएमची मेमरी डिस्कवर लिहून ठेवली जाते. सोय चांगली, पण भरपूर रॅमच्या व्हीएमला तेवढीच मोकळी जागा आणि वेळ लागतो. शिवाय होस्टचे पीसीआय कार्ड थेट जोडलेली व्हीएम सहसा अशी साठवताच येत नाही. सर्व्हरसाठी 'शटडाउन' हेच मूल्य बरे. त्यात व्हीएमला एसीपीआयद्वारे पॉवर बटण दाबल्याचा संकेत जातो किंवा आतल्या क्यूईएमयू गेस्ट एजंटला निरोप मिळतो. ही विनंती असते, सक्ती नव्हे: पॉवर बटणाकडे दुर्लक्ष करण्याची सेटिंग असलेले विंडोज ढिम्म हलत नाही. म्हणून एजंट बसवलेला चांगला.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे. व्हीएम बंद करण्याचे काम या सेवेच्या 'थांबण्याच्या' आदेशात लिहिलेले असते, आणि जी सेवा सुरूच नाही तिला सिस्टिमडी हा सेवा-व्यवस्थापक थांबवणार काय? नुसती 'एनेबल' केलेली, पण सुरू न केलेली सेवा पहिल्या शटडाउनला काहीच करत नाही. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस'मध्ये ती 'अ‍ॅक्टिव्ह' दिसते का, ते आधी पाहावे.

'शटडाउन_टाइमआउट' मुळात ३०० सेकंद असतो. 'पॅरलल_शटडाउन' शून्य असेल तर व्हीएम एकामागोमाग बंद होतात आणि ही मुदत प्रत्येकीला वेगळी मिळते. आठ व्हीएम अडून बसल्या तर ४० मिनिटे जातात. एवढा वेळ यूपीएसची बॅटरी टिकेलच असे नाही. समांतर बंद केल्यास मुदत सगळ्यांना मिळून एकच असते. शून्य मुदत म्हणजे अमर्याद वाट पाहणे, आणि एक अडेल व्हीएम होस्टला तसेच लटकवून ठेवू शकते.