इंजिनाचा घास आणि श्वास

मेहरूण हे नाव परगावच्या माणसास ठाऊक असते ते तेथील गोड बोरांमुळे आणि विस्तीर्ण तलावामुळे. परंतु जळगाव शहराच्या पोटात आता सामावून गेलेल्या या जुन्या गावाजवळच अजिंठा चौफुली आहे, आणि सुरतेकडून कलकत्त्याकडे जाणारा, पूर्वी ६ व या भागात आता ५३ हा क्रमांक धारण करणारा राष्ट्रीय महामार्ग जेथे अजिंठ्याच्या रस्त्यास भेटतो, त्या परिसरात ट्रकच्या इंजिनाची जी विद्या दोन-तीन पिढ्या हातातून हाती जात राहिली, तिची बखर मात्र कोणी लिहिली नाही. बोरांच्या जातीची नोंद कृषिखात्याच्या दफ्तरात झाली, तलावाची नोंद मुलकी कागदात झाली. नोझल आणि कॅम यांची निवड कशी करावी हे ज्यांना कळत होते त्यांचे ज्ञान तेवढे काळ्या तेलाने माखलेल्या हातांतच राहिले. ते ज्ञान सामान्य नव्हते, एवढे तरी कोणीतरी लिहून ठेवावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली पाडण्यात आले, तेव्हा येथील माल बैलगाडीने रेल्वेस्थानकापर्यंत आणि तेथून आगगाडीने मुंबईस जात असे. तेलावरचे इंजिन येथील कुणब्याने प्रथम जवळून पाहिले ते रस्त्यावर नव्हे, तर विहिरीच्या काठी, मोटेची जागा घेताना. रुडॉल्फ डीझेल यांचे पहिले यशस्वी यंत्र जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली चालले. धनजीशहा कूपर यांच्या साताऱ्याच्या कारखान्याने पुढे ती विद्या महाराष्ट्रात रुजविली, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. इंग्लंडातील लिस्टर कंपनीच्या १९२९ सालच्या नमुन्यावर घडविलेली जी संथ इंजिने या देशात सर्वत्र पसरली, ती मिनिटास अवघे साडेसहाशे फेरे घेत. आणि त्यांच्या कॅमशाफ्टकडे पाहिले म्हणजे सारे शास्त्र उघड्या डोळ्यांनी वाचता येई, कारण एक उंचवटा हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उचले, दुसरा धूर बाहेर टाकणारा उचले, आणि तिसरा इंधनाच्या पंपास ढकली. घास आणि श्वास एकाच दांड्यावर बांधलेले होते. विहिरीवरचे इंजिन ज्याने खोलले व पुन्हा बांधले, त्यास पुढे ट्रकचे इंजिन सर्वस्वी परके वाटले नसावे.

ट्रकचे युग खऱ्या अर्थाने आले ते १९५४ साली, जेव्हा टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे मर्सिडीज-बेंझच्या बनावटीच्या मालगाड्या बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ साली संपला, तरी गावोगावच्या मिस्त्र्यांच्या तोंडी ती गाडी पुष्कळ काळ ‘मर्सिडीज’च राहिली. पुढे जी दोन इंजिने घराघरांतील नावांप्रमाणे परिचित झाली, त्यांची नावे आकड्यांत होती: सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोर (सिलिंडरचा आतील व्यास) म्हणून ६९२, सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोर म्हणून ६९७. नावातच यंत्राचा तपशील सांगणारी ही रीत मला फार मनोहर वाटते. बोअरिंग करणाऱ्या कारागिरास त्या आकड्यातच त्याचे काम वाचता येत असे.

आता नोझलविषयी, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या टोकाविषयी. ट्रकचे इंजिन मिनिटास २४०० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरात सेकंदास वीस वेळा डिझेल पडते, प्रत्येक वेळी पडणारे डिझेल ज्वारीच्या दोन दाण्यांहून फारसे अधिक नसते, आणि ते सेकंदाच्या सुमारे दोन सहस्रांश भागात, केसाहून काही पटींनीच रुंद अशा चार-पाच छिद्रांतून, धुक्यासारखे फुटून बाहेर पडावे लागते. अशा छिद्राचा व्यास पाव मिलिमीटरवरून केवळ तीन शतांश मिलिमीटरने वाढविला, तर क्षेत्रफळ एकदम पाव पटीने वाढते. म्हणून मोठे नोझल बसविणे हे मोठी घागर आणण्यासारखे सोपे काम नाही; थेंब मोठा झाला की तो उशिरा जळतो, भिंतीवर आपटला की तेलात उतरतो, आणि टपकत राहिला तर पिस्टनच्या माथ्यास भोक पाडतो. बंगळूरची मायको कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि पुढे तिचा नाशिकचा कारखाना नोझल व इंजेक्टर बनवू लागला, तेव्हापासून हा नाजूक जिन्नस खानदेशाला जवळच्याच जिल्ह्यात घडू लागला. पण तो पारखण्याचे काम गावातच होई. हाताने दाबावयाच्या टेस्टरवर नोझल चढवून, काट्यावर दाब पाहत, फवारा सर्व बाजूंनी सारखा पडतो की नाही आणि शेवटचा थेंब टोकाशी लोंबकळतो की तुटून जातो, हे पाहावयाचे. आणि पाहण्याइतकेच ऐकावयाचेही, कारण निरोगी नोझल दाब सोडताना एक बारीक, तुटक कुरकुर करते व थकलेले नोझल मुकाट्याने पाझरते. त्या फवाऱ्याखाली हात धरू नये, ही ताकीद उमेदवारास पहिल्या दिवशीच दिली जाते, कारण तो दाब कातडीच्या आत शिरतो.

कॅमची गोष्ट याहून गूढ आहे, कारण त्याची चूक डोळ्यांस दिसत नाही. पेट्रोलच्या शर्यतीच्या गाडीत दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे ठेवणारा कॅम चालतो. डिझेलमध्ये हवा सतरा पटींच्या आसपास दाबावयाची असल्यामुळे पिस्टन वर येतो तो हेडपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर थांबतो, आणि तेथे उघडा राहिलेला व्हॉल्व्ह म्हणजे वाकलेला व्हॉल्व्ह. शिवाय व्हॉल्व्ह उशिरा मिटणारा कॅम बसविला तर वरच्या फेऱ्यांत जोर वाढतो, पण खालच्या फेऱ्यांत दाब कमी पडून गाडी थंड सकाळी धूर ओकत सुरू होते आणि चढावर गुडघे टेकते. म्हणून मालवाहू गाडीचा कॅम निवडताना पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसतो, रस्त्याचा असतो.

खानदेशाचे रस्ते हा प्रश्न फार स्पष्टपणे विचारतात. तापीच्या खोऱ्यात ते सरळ व सपाट आहेत. पण हे खोरे डोंगरांनी वेढलेले असल्यामुळे जो माल उत्तरेस वा दक्षिणेस निघतो त्यास घाट चुकत नाही. चाळीसगावाहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, ज्यास खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव मिळाले. धुळ्याहून आग्रा रस्त्याने सेंधव्याकडे जाताना लागणारा बिजासनचा घाट. फर्दापुरापुढील अजिंठ्याचा घाट. यांत रावेर-यावलची केळी भरलेली गाडी, जिचा माल दर तासाने पिकत चाललेला असतो, ती वेगाची मागणी करते. सरकीची वा कापसाच्या गठाणींची गाडी केवळ ओढीची मागणी करते. एकाच ६९७ इंजिनाकडून या दोन मागण्या निरनिराळ्या रीतीने पुरवाव्या लागतात, आणि गाडीमालकाने ‘पिकअप’ मागितला म्हणून पंपाचे सील तोडून नुसते डिझेल वाढवून देणे हा त्यावरचा सर्वांत सोपा व सर्वांत वाईट उपाय होय. घाटात ट्रकमागे उठणारा तो काळा लोट म्हणजे श्वास न मिळालेला घास आहे. मालकाचे पैसे त्यातून उडतात आणि मागून येणाऱ्या गावकऱ्यांची फुप्फुसे त्याने भरतात. जाणता मिस्त्री प्रथम टॅपेट बसवी, कॅमचे उंचवटे झिजले आहेत काय हे मोजी, हवेची जाळी साफ करी, टायमिंग पाही, आणि मगच नोझलला हात घाली. हा क्रम मला कोणत्याही ग्रंथातील सिद्धांताइतका आदरणीय वाटतो.

आधी श्वास, मग घास या क्रमाचे महत्त्व जगाच्या सर्वांत वेगवान मैदानावरही एकदा सिद्ध झाले. अमेरिकेतील कमिन्स कंपनीची डिझेल मोटार १९३१ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत कोठेही न थांबता पुरी करून गेली होती. १९५२ साली त्याच कंपनीची टर्बोचार्जर (हवा दाबून आत भरणारा पंखा) लावलेली गाडी फ्रेड अगाबाशियन यांनी तेथे आणली आणि ताशी १३८ मैलांच्या वेगाने पात्रता-फेरीत सर्वांच्या पुढे, पहिल्या स्थानी उभी केली. परंतु प्रत्यक्ष शर्यतीत धावपट्टीवरील टायरांच्या रबराचा चुरा टर्बोच्या तोंडात भरत गेला आणि ७१ फेऱ्यांनंतर ती बाजूस झाली. इंधन मुबलक होते, चालक निष्णात होता, श्वास कोंडला. हीच कंपनी १९६२ साली किर्लोस्करांसह पुण्यात आली, आणि तिच्या मोठ्या इंजिनांत तर इंजेक्टर दाबण्याचे काम कॅमशाफ्टवरील तिसऱ्या उंचवट्याकडेच होते. म्हणजे लिस्टरच्या विहिरीवरील इंजिनाचे सूत्र शेकडो अश्वशक्तीच्या यंत्रात पुन्हा अवतरले. अशा इंजिनात कॅम बदलणे म्हणजे श्वासाबरोबर घासाची वेळही बदलणे. एकाचा विचार दुसऱ्यावाचून करणे अशक्यच. टाटांनी २०१४ पासून दिल्लीनजीकच्या बुद्ध सर्किटवर ट्रकच्या शर्यती भरविल्या आणि २०१७ साली बारा लिटरच्या कमिन्स इंजिनातून हजाराहून अधिक अश्वशक्ती काढली, त्या वेळी हा जोडीचा विचार भारतीय ट्रकच्या संदर्भात अखेर लोकांसमोर आला.

परंतु तोपर्यंत ती जोडी फुटू लागली होती. जपानमध्ये १९९५ साली ट्रकवर आलेल्या कॉमन रेल पद्धतीत पंप केवळ दाब निर्माण करून नळीत साठवितो, आणि घास केव्हा, किती व किती तुकड्यांत द्यावयाचा याचा हुकूम एक विद्युत्-पेटी सोडते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषणविषयक नियम देशभर लागू झाल्यावर नव्या डिझेल ट्रकात याहून वेगळे काही उरले नाही. कॅमकडे आता श्वास तेवढा राहिला आहे. दाब दीड-दोन हजार बारपर्यंत चढल्यामुळे हाताच्या टेस्टरवर ते इंजेक्टर पारखता येत नाहीत. त्यांना संगणकाचा बेंच लागतो, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या अंगावर कोरलेला सांकेतिक आकडा पेटीस कळविल्यावाचून इंजिन नीट चालत नाही. बेंचवरील चाचणीचा निकाल पडद्यावर हिरवा किंवा लाल उमटतो. जुना मिस्त्री तो निकाल वाचतो, आणि तरीही सुरू झालेल्या इंजिनाच्या हेडवर लांब पाना टेकवून, त्याचे दुसरे टोक कानाशी धरून, सहाही सिलिंडर एकेक करून ऐकतो.